बाळ-बाळंतिणीच्या घरभेटीत स्वयंसेविकेने नेमकं काय बघायचं, आणि असे उपक्रम कुठे फसतात?

सर्वांत आधी पहिली भेट सांभाळा. ती हुकली तर पुढच्या भेटींनी भरून निघत नाही, कारण नवजात बाळाला सर्वांत जास्त धोका पहिल्या २४ तासांत असतो. बाळंतपण घरी झालं असेल तर त्याच २४ तासांत जायचं, मग तिसऱ्या आणि सातव्या दिवशी. दवाखान्यात झालं असेल तर घरी आल्याबरोबर. बाळंतपणाचा निरोप कोण देणार हे सातव्या महिन्यातच घरच्यांशी ठरवून ठेवा. ते ठरलेलं नसेल तर नोंदवही कितीही सुबक असो, स्वयंसेविका चौथ्या दिवशी पोचते.

घरात गेल्यावर उपदेश नंतर, आधी हात धुवा आणि बघा. बाळ शांत असताना पोट उघडं करून श्वास मोजा, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट. नवजात बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही, मध्येच काही सेकंद थांबतो आणि मग भराभर चालतो. त्यामुळे १५ सेकंद मोजून चौपट केलं की आकडा फसतो. ६० किंवा जास्त भरले तर पुन्हा मोजा. पुन्हा तेवढेच भरले तर दवाखाना. काखेतलं तापमान ३७.५ अंश सेल्सिअस किंवा वर गेलं तर धोका, तसाच ३५.५ च्या खाली गेलं तरीही. तापाला सगळे घाबरतात, गार बाळाकडे मात्र लक्ष जात नाही. आणि जंतुसंसर्ग झालेलं बाळ पुष्कळदा गारच पडतं. पोट गरम पण पावलं गार लागली तर बाळाला थंडी वाजतेय, लगेच आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घाला.

‘पितं का?’ असं विचारू नका, उत्तर ‘हो’च येतं. एकदा समोर पाजायला सांगा. तोंड मोठं उघडलेलं, हनुवटी स्तनाला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला हवा. नीट पिणारं बाळ ओढेनासं झालं, झटके आले, छाती खोल आत जाऊ लागली किंवा उठवल्याशिवाय हालेनासं झालं, तर थांबू नका.

बाळाच्या नादात बाळंतीण राहून जाते. अंगावरून किती जातंय, ताप किंवा घाण वास आहे का, डोकं ठणकतंय किंवा डोळ्यांपुढे अंधारी येतेय का, हे तिलाच विचारा. आकडी बाळंतपणानंतरही येऊ शकते.

बहुतेक उपक्रम मात्र फसतात ते ‘दवाखान्यात न्या’ एवढं सांगून परतल्यामुळे. रात्री दोन वाजता गाडी कोणाची, पैसे कुठून, सोबत कोण आणि घरातलं कर्तं माणूस हो म्हणेल का, हे आधी सुटलेलं हवं. घरभेटीत ते सुटत नाही, त्याला दर महिन्याला एकत्र बसून हे ठरवणारे बायकांचे गट लागतात. नेपाळच्या मकवानपूरमध्ये अशा गटांच्या भागात नवजात मृत्यूदर ३०% कमी आढळला (२००४). पण गटात गरोदर बाया हव्यात. अनेक देशांतल्या चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हा भागातल्या गरोदर बायांपैकी निदान ३०% गटात सामील झाल्या तिथेच मोठा फरक दिसला. गटात सगळ्या आज्याच असतील तर बैठक रंगते, एवढंच.