बिऱ्हाड हलवायच्या आधी

पोरा, अनेक आशीर्वाद.

रात्री पावणेदोनला पाठवलेला तुझा मेसेज सकाळी चहा घेताना वाचला. 'काका, इन्स्टाग्राम कायमचं सोडतोय. बरोबर करतोय ना?' फोनवर टाइप करायचा मला कंटाळा, आणि दोन ओळींत भागणारी ही गोष्ट नाही. म्हणून कागद घेतला.

तू दिलेलं कारण असं, की तुझं सुलेखनाचं काम कुणीतरी उचललं, त्याच्या रीलला दोन लाख लाइक मिळाले आणि तुझ्या मूळ रीलला तीनशे. राग येणारच. पण रागाच्या भरात घर सोडून गेलेला माणूस संध्याकाळी जेवायच्या वेळेला परत येतो, हे मी आमच्या घरी बघितलंय. माणूस मीच होतो.

म्हणून आधी एका प्रश्नाचं खरं उत्तर दे, मला नाही, स्वतःला. उद्या सकाळी तुझ्याच रीलला दोन लाख झाले, तर सोडशील का? नाही सोडणार, असं आतून आलं, तर तुझं भांडण त्या ॲपशी नाही, आकड्याशी आहे. आकडा झाकता येतो. लाइकचे आकडे लपवायची सोय त्यात 2021पासून आहे. आपण ज्यांना फॉलो करतो तेवढ्यांच्याच पोस्ट, तारखेच्या क्रमाने, हेही 2022पासून करता येतं. हे मला माझ्या भाचीने शिकवलं. दोन महिने तसं वापर आणि हे पत्र विसरून जा.

मला काळजी दुसऱ्याच गोष्टीची आहे.

तू पहिल्यांदा आलास तेव्हा सोबत एक मोठा कागद होता. त्यावर 'वैशिष्ट्य' हा एकच शब्द सात वेळा लिहिलेला. ट्यमधला य काही केल्या टला बिलगत नव्हता. सातव्या वेळी जरासा बिलगला, तेवढाच दाखवायला तू एसटीने दीड तास आला होतास. त्या दिवशी बायकोला म्हटलं, हा पोरगा टिकणार.

गेल्या तीन महिन्यांतलं तुझं काम परवा ओळीने बघितलं. आई. माती. वारा. नभ. मन. पुन्हा वारा. एक जोडाक्षर नाही रे! चार अक्षरांच्या पुढे शब्द नाही, कारण पंधरा सेकंदांत तो संपला पाहिजे. आणि अक्षरं उंच, बारीक, अंग चोरून उभी राहिल्यासारखी. आधी वाटलं, मुद्दाम शैली बदललीस. मग लक्षात आलं, फोनची चौकट उभी आहे. 2010 साली हे ॲप आलं तेव्हा फोटो चौरस असायचे. 2020च्या जुलैत आपल्याकडे रील आलं आणि सगळं उभं झालं. आपला शब्द शिरोरेघेला धरून आडवा पसरणारा. तो तिथे मावत नाही. तू शब्दच मावेल असा करून घेतलास, आणि हे तुझं तुला कळलंही नसेल.

दिवाळीत आला होतास तेव्हाचं सांगतो. स्टँडवर फोन, बाजूला दिवा. तू एका ओढीत 'वा'चा काना असा खाली आणलास, की मी हातातलं काम थांबवून बघत राहिलो. आणि तू तो कागद चुरगळून टाकलास. का, तर रेघेवर हाताची सावली पडली होती. रेघ उत्तम होती. तेव्हाच बोलायला हवं होतं मी. सणाच्या दिवशी कशाला, म्हणून गप्प बसलो.

यात मी शहाणा होतो असं समजू नकोस. फ्लेक्सचं मशीन आलं तेव्हा गिऱ्हाईक 'उद्या सकाळी पाहिजे' म्हणायला लागलं, आणि मीही ब्रश पळवायला लागलो. अक्षराची सावली सोडली, मग कडा सोडल्या, मग खडूच्या दोरीने रेघ पाडणंही सोडलं. मशीनशी शर्यत लावून काही मिळालं नाही. वर हात बिघडला, आणि तो पुन्हा वळणावर यायला चार वर्षं गेली.

तेव्हा सोडायचं असेल तर त्या चुरगळलेल्या कागदासाठी सोड. दोन लाखांसाठी सोडू नकोस.

आता हलवाहलवीचं. भाड्याच्या खोलीला निदान अकरा महिन्यांचा करार असतो. इथे तेवढाही नाही. टिकटॉकवर गावोगावची पोरं-पोरी नाव कमावत होती. 29 जून 2020ला सरकारने बंदी घातली, आणि सोडू का राहू हे विचारायला त्यांना कुणी आलं नाही. तुला निवांत बांधाबांध करून निघता येतंय, तर तेवढी कर.

सेटिंगमध्ये स्वतःची सगळी माहिती डाउनलोड करायची सोय आहे. तू टाकलेले फोटो, व्हिडिओ, मेसेज, सगळं एका फाइलमध्ये येतं. ते उतरवून दोन ठिकाणी ठेव. पण फॉलोअरांची त्यात नुसती नावं येतात, फोन नंबर येत नाहीत. ते तुलाच मागावे लागतील. ज्यांनी कधी काम दिलं, ज्यांनी नुसतं चौकशीला विचारलं, त्या प्रत्येकाला वेगळा मेसेज करून नंबर घे आणि वहीत लिही. हो, वहीत. टोरांटोच्या त्या बाईंनी दारावरच्या पाटीचं काम तुला दिलं, त्या इन्स्टाग्रामवरूनच आल्या होत्या. अशी माणसं पुढे कमी येतील. तेवढा खड्डा पडेल, तो धरूनच ठरव.

खड्डा केवढा, ते कळायला महिनाभर रोजकीर्द ठेव. पैसे कुठून आले ते एका बाजूला, ॲप किती वाजता आणि कशासाठी उघडलं ते दुसऱ्या बाजूला. गेल्या वर्षी लग्नपत्रिकांची चौदा कामं केलीस, असं तूच सांगत होतास. त्यातली नऊ एकाच मामांच्या ओळखीतली होती. मामा इन्स्टाग्रामवर नाहीत.

हे उतरवून ठेवायचं मी एवढं का लावून धरतोय? ऑर्कुट नावाच्या जुन्या सोशल साइटवर माझा एक मित्र होता. सांगलीचा, पण नोकरीमुळे बडोद्यात स्थायिक झालेला. तिथल्या दुकानांच्या गुजराती पाट्यांवर रोज चार ओळी मला लिहायचा. गुजरातीला शिरोरेघ नाही, तर रंगारी ओळ सरळ कशी ठेवतो, यावर आमचं महिनाभर चाललं होतं. 2012 साली तो गेला. ऑर्कुट 30 सप्टेंबर 2014ला बंद झालं. तीन महिने आधी तशी सूचना होती. बंद झाल्यावरही दोन वर्षं आपापला मजकूर उतरवून घेता येत होता. मी रोज म्हणायचो, रविवारी बघू. त्याच्या हस्ताक्षरातली दोन पोस्टकार्डं आहेत माझ्याकडे. बाकी सगळं गेलं, माझ्याच आळसाने.

शेवटची पायरी. डिलीट लगेच करू नकोस. आधी ॲप फोनवरून काढ आणि खातं नुसतं निष्क्रिय कर. त्याने ते लोकांना दिसत नाही, पण जागेवर राहतं. डिलीटची विनंती केलीस तर 30 दिवसांची मुदत मिळते. तेवढ्यात पुन्हा आत शिरून ती विनंती रद्द करता येते. ही मुदत मला मोठी मजेशीर वाटते. दारू सोडणाऱ्याच्या घरात महिनाभर बाटली ठेवून द्यायची, तसं झालं ते. म्हणून रोजकीर्दीचा महिना पुरा झाल्याशिवाय त्या बटणाकडे जाऊ नकोस.

आणि निरोपाची पोस्ट अजिबात टाकायची नाही. टाकलीस की 'दादा, जाऊ नका' किती जण म्हणाले ते बघायला रात्री बारा वाजता परत जाशील. तुला ओळखतो मी.

येत्या रविवारी ये. मिरज रस्त्यावरच्या एका तेलवाल्याला हाताने रंगवलेली पाटी हवीय, आठ फूट आडवी. मजकूर आहे, 'लाकडी घाण्याचे शुद्ध तेल'. बाकीची अक्षरं शनिवारी मी उरकून ठेवतो. 'द्ध' तुझ्यासाठी सोडतो. फोनचं स्टँड घरी ठेव, डबा मात्र आण, बायको माहेरी गेलीय.

तुझा,
पेंटरकाका