लिपिड शिकायचंय? खोबरेलाच्या बाटलीपासून सुरू कर

भाऊ, लिपिड म्हणजे तेल-तूप-मेणासारखे स्निग्ध पदार्थ; आधी त्यांची नावं पाठ करत बसू नको. डिसेंबरात धुळ्याकडे पहाटे खोबरेल गोठून बसतं, भरताच्या फोडणीचं शेंगदाणा तेल मात्र सरसर ओतता येतं. का? खोबरेलातली मेदाम्लं (तेलाच्या रेणूतल्या कार्बनच्या साखळ्या) बहुतेक संपृक्त, म्हणजे साखळीत कार्बन-कार्बन दुहेरी बंध नसलेली; सरळ असतात, दाटीने बसतात. शेंगदाण्याच्या बऱ्याचशा मेदाम्लांना दुहेरी बंधापाशी वाक असतो, दाटी जमत नाही. हे पक्कं कर, बाकी सोपं आहे.

मग दोनच आकृत्या, हाताने. ग्लिसरॉलला (तीन कार्बनचा छोटा रेणू) तीन मेदाम्लं: ऊर्जेची साठवण, ग्रॅमला 9 किलोकॅलरी. त्याच ग्लिसरॉलला दोन मेदाम्लं आणि फॉस्फेटचं डोकं: पेशीपटल, म्हणजे पेशीभोवतीचं पातळ आवरण.

नवखे हमखास चुकतात ते:
- लिपिडला पॉलिमर (सारखे घटक एकामागोमाग जोडलेली लांब साखळी) म्हणणं. (मीही लिहिलं होतं, गुण गेले!)
- कोलेस्टेरॉलला व्हिलन ठरवणं. पेशीपटलाला ते लागतंच, टेस्टोस्टेरॉनही त्यातूनच बनतं.

स्फिंगोलिपिड हा लिपिडचा आणखी एक प्रकार, तो सध्या राहू दे.