प्रस्ताव लिहिण्याआधी ऐकून घे

दुसऱ्या देशांत लोकशाहीसाठी झटणाऱ्या संस्थांना निधी देण्याच्या या कामात तू नवीन आहेस, म्हणून आधी हेच सांगतो: निधीचा प्रस्ताव लिहायला बसण्यापूर्वी ज्या देशासाठी तो आहे, तिथल्या संस्थांचं म्हणणं नीट ऐकून घे. कार्यशाळांची तयार यादी घेऊन जाऊ नकोस.

फिलिपिन्सचा अभ्यास जरूर कर. १९८६ च्या निवडणुकीत निवडणुकांवर नजर ठेवणाऱ्या ‘नामफ्रेल’ या नागरी संघटनेचे स्वयंसेवक मतदान केंद्रांवर पहारा देत होते. त्यात शिक्षक होते, विद्यार्थी होते, चर्चमधल्या नन्सही होत्या. त्यांनी केंद्राकेंद्रावरचे आकडे जमवून सरकारी मोजणीच्या जोडीला स्वतःची मोजणी उभी केली, आणि दोन्हींतली तफावत जगासमोर आली. परदेशी निरीक्षकही आले होते, पण इतक्या केंद्रांवर पोचणं त्यांच्या आवाक्यातलं नव्हतं. ते बळ स्थानिकांचंच असतं.

धोकाही त्यांच्याच वाट्याला येतो, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. रशियात २०१२ च्या कायद्याने परदेशी पैसा घेऊन राजकीय काम करणाऱ्या संस्थांवर ‘परदेशी हस्तक’ असा शिक्का बसू लागला. निवडणुकांवर नजर ठेवणारी ‘गोलोस’ही त्यातून सुटली नाही. म्हणून देणगीदाराचं नाव, बोधचिन्ह, फोटो यांतलं काय जाहीर करायचं, ते त्यांना ठरवू दे. तुझ्या वरिष्ठांना फोटो हवाच असेल, तरीही.

पैशाचं म्हणशील तर फक्त कार्यक्रमांना देऊ नकोस. कार्यालयाचं भाडं, हिशेबनिसाचा पगार, वकिलाची फी हे खर्च अंदाजपत्रकात आवर्जून धर. चौकशीची नोटीस आली की संस्था त्यावरच तग धरते.