'जिप्सीज किस', बंजारा आणि आपला घाम

एका वाचकाचा प्रश्न: डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडच्या 'परफेक्ट स्ट्रेंजर्स' या अल्बममध्ये 'अ जिप्सीज किस' नावाचं गाणं आहे. मित्राने त्याचं मराठी 'बंजारनीचं चुंबन' असं केलं. हे बरोबर आहे का?

दोन्ही शब्द चुकले. चुंबनाचं आधी उरकतो. लंडनच्या कॉकनी बोलीत मूळ शब्दाऐवजी त्याच्याशी यमक जुळणारे शब्द वापरायची जुनी खोड आहे. जिना म्हणजे 'स्टेअर्स', त्याला 'ॲपल्स अँड पेअर्स' म्हणायचं. चहा म्हणजे 'टी', त्याला 'रोझी ली'. तसंच 'जिप्सीज किस' म्हणजे 'पिस', लघुशंका. पुष्कळदा यमकाचा शब्दही गाळतात आणि नुसतं 'जिप्सीज' म्हणून माणूस उठतो. बँडचा गायक इयन गिलन लंडनचा, त्यात कोट्यांची हौस असलेला. हा अर्थ त्याला ठाऊक नव्हता असं मी मानणार नाही. १९७३ नंतर तब्बल ११ वर्षांनी गिलन, ब्लॅकमोर, लॉर्ड, ग्लोव्हर आणि पेस १९८४ साली पुन्हा एकत्र आले, तेव्हाची ही तबकडी. दुसऱ्या बाजूला शीर्षकगीत संपलं की लगेच हे गाणं सुसाट सुटतं. शीर्षकगीत सगळ्यांना पाठ असतं, याच्याकडे मात्र फार कमी कान वळतात. असो. असं शीर्षक भाषांतरित करू नये, आहे तसंच ठेवावं.

आता 'बंजारा'. 'जिप्सी म्हणजे आपले बंजारा' हे वाक्य मला आता ऐकवत नाही. व्याख्यानात तेच, लेखात तेच, कोशातही तेच. बंजारा हा शब्द वाणिज्याच्या कुळातला. बैलांच्या तांड्यांवर मीठ आणि धान्य वाहून नेणाऱ्या व्यापाऱ्यांचं ते नाव, आणि त्यांची बोली राजस्थानीच्या गटातली. युरोपात ज्यांना जिप्सी म्हणतात ते रोमा लोक भारतातून निघाले त्याला हजारेक वर्षं झाली. त्यांच्या रोमानी भाषेतले आकडे ऐका: येख, दुय, त्रिन, श्तार, पांज, शोव. इथवर आपलं घर. पुढे एफ्ता, ओख्तो, एन्या हे सरळ ग्रीक, आणि दहाला पुन्हा 'देश'. ग्रीक भाषकांच्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहिल्याशिवाय सात, आठ, नऊ असे बदलत नाहीत. बंजारा बोलीत हे ग्रीक आकडे दाखवा, मग बोलू.

रोमा स्वतःला 'रोम' म्हणतात, त्या नावाची व्युत्पत्ती 'राम' अशी सांगणारेही भेटतात. त्यांनी पश्चिम आशियातले 'डोम' आणि आर्मेनियातले 'लोम' या त्यांच्या भाऊबंदांचं काय करायचं ते सांगावं. तिन्ही नावं एकाच भारतीय 'डोम' शब्दाची आहेत. भाषाशास्त्रज्ञ राल्फ टर्नर यांनी १९२६ मध्ये रोमानीचं हिंद-आर्य भाषांमधलं स्थान शोधताना मध्यदेशीय, म्हणजे हिंदीच्या गटाकडे बोट दाखवलं. मराठीतल्या स्वराघातावरही लिहिलेला हा माणूस. आपल्याकडच्या व्युत्पत्तिकारांनी त्याला निदान वाचावं. आणि 'जिप्सी' हे तर परक्यांनी चिकटवलेलं नाव. हे लोक इजिप्तहून आले या गैरसमजातून 'इजिप्शियन'चं 'जिप्सी' झालं. इंग्लंडात १५३० साली त्यांना हाकलण्याचा कायदा झाला, तोही 'इजिप्शियन' याच नावाने.

पण मला ज्याने झोप लागू दिली नाही तो शब्द वेगळाच आहे. रोमानीत सूर्य म्हणजे 'खाम'. मूळ संस्कृत 'घर्म', म्हणजे ऊन, उष्णता. तेच मराठीत आलं 'घाम' होऊन! त्यांच्याकडे ऊन देणारा उरला, आपल्याकडे उन्हाने अंगावर येणारं पाणी. आणि हा एकटादुकटा योगायोग नाही, नियम आहे: शब्दारंभीचे घ, ध, भ रोमानीत ख, थ, फ होतात. घर ते 'खेर'. धूम ते 'थुव'. बहीण ती 'फेन'. घास, म्हणजे आपल्या लसूणघासातला चाऱ्याचा घास, तो 'खास'.

आता माझं एक मत, आणि ते मी सोडणार नाही. पूर्व लंडनची गरीब कुटुंबं दर सप्टेंबरला केंटमध्ये हॉप्सच्या तोडणीला जात. बिअरमध्ये घालतात ती ही फुलं. त्याच मळ्यांत रोमा कुटुंबंही तोडणीला असत. कॉकनीत 'जिप्सी'ची यमकं या शेजारातूनच आली असावीत. मित्राला 'पॅल' म्हणतात तो रोमानी 'फ्राल', म्हणजे भाऊ. आणि 'चॅव' ही इंग्रजांची अलीकडची शिवी घ्या. ती इंग्रजी आद्याक्षरांपासून बनली असं छातीठोक सांगणाऱ्यांची मला चीड येते. इंग्रजी बोलींत 'चॅव्ही' म्हणजे मूल हा शब्द त्याच्या कितीतरी आधीपासून आहे, आणि तो आला रोमानी 'छावो'वरून. छावो म्हणजे मुलगा. प्राकृतात 'छाव', मराठीत छावा. सिंहाचा छावा म्हणताना आपली छाती फुगते आणि लंडनमध्ये त्याच शब्दाने पोरांना हिणवतात.

खऱ्याखुऱ्या चुंबनाला रोमानीत 'चुमी' म्हणतात, संस्कृत 'चुंब'वरून. क्रियापद 'चुमिदेल', आणि त्यातला 'देल' म्हणजे आपलं 'देतो'. आपण मुका देतो आणि घेतोही; रोमानीच्या क्रियापदात मात्र तो फक्त देण्याचाच.