भाडेकरूचा फोन आला की

प्रिय,

भाड्याने दिलेल्या घरातली दुरुस्ती किती दिवसांत करायची, असं तू विचारलंस. करारात किंवा तिथल्या कायद्यात मुदत दिली असेल तर ती आधी नीट वाच. पण ती मुदत म्हणजे शेवटची हद्द. त्याआधी पाहायचं ते हे, की आपण थांबलो तर त्या घरात काय होईल.

गॅसचा वास, नळाला लागणारा शॉक, उलटं येणारं सांडपाणी, बंद न होणारं मुख्य दार, यांना उद्याचा वायदा नाही. माणूस पोचेपर्यंत काय करायचं तेही फोनवरच सांग: गॅस असेल तर व्हॉल्व्ह बंद, खिडक्या उघड्या, कुठल्याही बटणाला हात नाही आणि सगळे घराबाहेर. गॅस गिझर चालू असताना कुणाला चक्कर येत असेल तर तो तिथेच बंद करायला लाव. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास.

ओलीच्या बाबतीत मात्र बहुतेक घरमालक चुकतात. भिंतीवरचा डाग बघून ‘रंगाच्या वेळी बघू’ म्हणतात. भिजलेल्या जागी 24 ते 48 तासांत बुरशी धरू शकते, आणि घरात दम्याचं माणूस असेल तर त्याचे हाल होतात. म्हणून पाणी कुठून येतंय ते लगेच शोध, गळती थांबव. रंगाची घाई मात्र करू नकोस. भिंत आतून सुकायला कित्येक आठवडे लागतात. ओल्या भिंतीवरचा रंग पोपडे धरून पडणारच. हे भाडेकरूला आधीच सांगितलं नाहीस तर त्याला वाटेल, तू टाळतोयस.

एमसीबी, म्हणजे भार वाढला की वीज आपोआप तोडणारं बटण, सारखी पडत असेल तर जास्त अँपिअरची बसवून विषय मिटवू नकोस. तार तीच राहते, ती तापते आणि आग लागू शकते. वायरमनला तार तपासायला लाव.

पैशांचं थोडक्यात: वापराने झालेली झीज तुझी, हयगयीने केलेली मोडतोड भाडेकरूची. राहायला येताना प्रत्येक खोलीचे फोटो दोघांकडे असले की वाद कमी होतात. आणि वाद असला तरी गळती आधी थांबव, खर्च कुणाचा ते नंतर ठरव.

पार्ट मिळत नाही, प्लंबर परवा येणार, असं होतंच. तसं असेल तर त्याच दिवशी भाडेकरूला लेखी कळव, तारीख दे, ती चुकणार असेल तर त्याने विचारायच्या आत सांग. त्याच्या घरी न विचारता जाऊ नकोस. किल्ली तुझ्याकडे असली तरी आत कुणाचा तरी संसार आहे.

काम झाल्यावर आठवडाभराने एकदा फोन करून विचार, पुन्हा गळतंय का. बहुतेक भाडेकरू आपणहून दुसऱ्यांदा सांगायला संकोचतात.

तुझा,
काका