सर्व्हरना गडांची नावं द्यावीत का, आणि झोन फाइलमध्ये काय सांभाळावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑफिसात तीस-पस्तीस सर्व्हर आहेत, त्यांना गडकिल्ल्यांची नावं द्यावीत की कामावरून? शिवाय बाइंडची (नावावरून आयपी पत्ता सांगणाऱ्या डीएनएस सर्व्हरचं सॉफ्टवेअर) झोन फाइल, म्हणजे डोमेनमधल्या नावांची नोंदवही, पहिल्यांदाच हातानं लिहिताय, तर त्यात चुकतं कुठं?

गडांची नावं खुशाल द्या. पहिल्या नोकरीत आम्हीही दिली होती. राजगड, तोरणा, पुरंदर हे सुखानं नांदले, भांडण लावलं ते सिंहगडानं. रोमनमध्ये लिहिताना 'आय'च्या पुढे 'एन' की 'एम', आणि 'एच'नंतर 'ए' आहे की नाही? फायरवॉल बघणाऱ्यानं एक स्पेलिंग धरलं, बॅकअपवाल्यानं दुसरं. नवीन मशीनचा बॅकअप आठवडाभर झालाच नव्हता, हे कळायलाही आठवडाच लागला. मशीनला नाव कसं द्यावं यावर १९९० साली आरएफसी ११७८ (आरएफसी म्हणजे इंटरनेटविषयीची क्रमांकित टिपणं) निघाली, तिच्यातही वेगळ्या स्पेलिंगची नावं टाळा असं सांगितलंय. तेव्हा फोनवर एकदा सांगून समोरचा बरोबर लिहील असेच गड निवडा. प्रतापगडसुद्धा नको, निम्मे लोक शेवटी 'एच' लावतात.

कामावरून नाव देणं मला पटत नाही, कारण काम बदलतं आणि नाव तसंच राहतं. आमच्याकडे 'मेल' नावाचं एक मशीन होतं. मेल दुसरीकडे हलवल्यावर ते तीन वर्षं फक्त प्रिंटिंग सांभाळत होतं आणि प्रत्येक नव्या माणसाला तेवढं समजावून सांगावं लागायचं. म्हणून मशीनचं कायमचं नाव ए रेकॉर्डमध्ये (नाव आणि त्याचा आयपी पत्ता) ठेवा आणि काम सीनेममध्ये (एका नावावरून दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणारी नोंद). 'विकी' हे 'तोरणा'चं टोपणनाव. उद्या विकी पुरंदरवर नेलं तर एकच ओळ बदलायची. फक्त एमएक्स (मेल कुठं पोचवायची) आणि एनएस (झोनचे नेमसर्व्हर कोणते) रेकॉर्ड सीनेमकडे वळवू नका. डोमेनच्या मूळ नावावरही सीनेम चालत नाही, तिथं एसओए (झोनची मुख्य नोंद) आणि एनएस आधीच बसलेले असतात.

पन्नासच्या वर गेलात की गडांची गंमत संपते. मग जागा, प्रकार, क्रमांक असं सरळ नाव बरं, उदाहरणार्थ पुणे-डीबी-०१ (इथं देवनागरीत लिहितोय, फाइलमध्ये रोमनच). त्यात रॅकचा नंबर किंवा आयपी घालू नका, दोन्ही बदलतात. अक्षरं, आकडे आणि हायफन एवढंच चालतं, हायफन सुरुवातीला किंवा शेवटी नको. एका लेबलात ६३ अक्षरं मावतात, पण विंडोजचं मशीन असेल तर नेटबायोस या जुन्या नावपद्धतीपायी १५ च्या आत राहा. अंडरस्कोअरचा मोह तर होतोच. होस्टच्या नावात तो दिसला की प्राथमिक सर्व्हरवरचं (जिथं मूळ झोन फाइल असते) बाइंड मूळ सेटिंगमध्ये तो झोन उचलतच नाही. डीमार्कच्या (बनावट मेल रोखण्यासाठीच्या नोंदीच्या) नावात अंडरस्कोअर कसा चालतो असं विचाराल, तर ते होस्टचं नाव नव्हे, टीएक्सटी (नुसत्या मजकुराच्या) रेकॉर्डचं आहे.

आता झोन फाइल. सगळ्यात महाग चूक म्हणजे नावाच्या शेवटचा डॉट. डॉट नसेल तर बाइंड त्या नावाला झोनचं नाव स्वतःहून जोडतं, म्हणजे 'मेल.आमचं.इन' लिहिलंत तर त्याचं 'मेल.आमचं.इन.आमचं.इन' होतं. फाइल तरीही लोड होते आणि मेल मात्र कुठंच पोचत नाही. नवशिक्याचीच चूक आहे असं समजू नका. १२ ऑक्टोबर २००९ ला स्वीडनच्या अख्ख्या 'एसई' झोनमधला हा डॉट एका स्क्रिप्टच्या चुकीनं गळला आणि देशभरची डोमेनं सापडेनाशी झाली. रीलोड करण्याआधी नेम्ड-चेकझोन (झोन फाइल तपासणारी बाइंडची कमांड) चालवाच, आणि त्याला मोठ्या डी-चा पर्याय देऊन पूर्ण नावं छापून घ्या. दुप्पट झालेलं नाव तिथं डोळ्यांत भरतं.

दुसरी चूक माझी स्वतःची, सिरियलची. सिरियल म्हणजे एसओएमधला झोनचा आवृत्ती क्रमांक, तो वाढला तरच सेकंडरी (झोनची प्रत ठेवणारा दुसरा नेमसर्व्हर) नवी प्रत घेतो. आम्ही तारीख आणि दोन आकडे असं सिरियल लिहायचो. २०१६ च्या फेब्रुवारीत रात्री घाईत मी २०१६ ऐवजी २०६१ टाइप केलं: २०६१०२१८०१. चूक लगेच दिसली, ती दुरुस्त करून मी झोपलो. सकाळी निम्म्या लोकांना नवं पोर्टल उघडत होतं, निम्म्यांना नाही. डिग या कमांडनं दोन्ही नेमसर्व्हरना वेगवेगळं विचारलं तेव्हा उलगडलं. सेकंडरीनं रात्रीच २०६१ वालं सिरियल घेतलं होतं, त्यामुळे दुरुस्त केलेलं त्याला जुनं वाटत होतं.

यावर इलाज आहे. सिरियल ३२ बिटांचं असतं आणि घड्याळासारखं फिरतं. अडकलेल्या आकड्यात २१४७४८३६४७ मिळवायचे, माझ्या बाबतीत ४२०८५०५४४८ आलं. ते टाकून रीलोड करायचं, प्रत्येक सेकंडरीनं ते उचललंय हे डिगनं बघायचं, आणि मगच हवं ते, म्हणजे २०१६०२१८०२, लिहायचं. मधली पायरी एकाही सेकंडरीची चुकली तर पुन्हा पहिल्यापासून.

शेवटचं एक. नवीन रेकॉर्ड टाकण्याआधीच 'चालतंय का बघू' म्हणून ते नाव विचारू नका. 'असं नाव नाही' हा नकारही रिझॉल्व्हर (आपल्या वतीनं नावं शोधून देणारा सर्व्हर) जपून ठेवतो. किती वेळ, ते एसओएमधल्या शेवटच्या आकड्यावर आणि एसओएच्या स्वतःच्या टीटीएलवर (नोंद किती सेकंद जपायची तो आकडा) ठरतं, दोन्हींतला लहान तो धरतात. आमचे दोन्ही ८६४०० होते, म्हणजे पूर्ण दिवस. ऑफिसचा रिझॉल्व्हर बाइंडचाच असल्यानं आणि तो मूळ सेटिंगमध्ये नकार तीन तासांपेक्षा जास्त धरत नसल्यानं दुपारच्या जेवणापर्यंत सुटलो. तुम्ही तिथं ३०० किंवा ९०० ठेवा.