वाचक विचारतात : सातपुड्याच्या घाटातला नाईक

प्रश्न : आमच्या गावात खाज्या नाईकाच्या नावाचा फलक लागला. माझे आजोबा म्हणतात, "तो तर इंग्रजांचाच नोकर, वर खजिना लुटणारा. त्याला देशभक्त कसं म्हणायचं?" खरं काय?
— एक वाचक, शिरपूर तालुका

उत्तर : आजोबांच्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. भांडण फक्त त्यांच्या निष्कर्षाशी आहे.

पळासनेरहून बिजासन घाट चढताना आज ट्रक पहिल्या गियरवर कण्हत जातात. तोच हा मुंबई-आग्रा रस्ता, तोच सेंधव्याचा घाट. बैलगाड्यांच्या काळात इथली राखण भिल्ल नाईकांकडे, म्हणजे भिल्लांच्या म्होरक्यांकडे असे. नाईकाची माणसं तिरकमठा घेऊन गाड्यांसोबत चालत. त्याबद्दल वाटसरूंकडून ठरलेला हक्क मिळे आणि चोरी झालीच तर माग काढायची जबाबदारी नाईकावर येई. १८१८ साली खानदेश कंपनीकडे गेला आणि अशा हक्कांचं हळूहळू पगार-पेन्शन झालं. हक्क स्वतःचा असतो, पगार साहेबाच्या मर्जीवर चालतो. खाज्याचे वडील गुमान नाईक याच घाटाचे राखणदार होते, त्यांच्यामागे हे काम खाज्याकडे आलं. म्हणजे नोकर होता, पण घाट त्याच्या घरचा होता.

पुढे त्याने पकडलेला एक आरोपी मारहाणीत दगावला. त्याबद्दल खाज्याला दहा वर्षांची सजा झाली. त्यात मला अन्याय दिसत नाही, माणूस मेला होता. सजा पुरी व्हायच्या आत तो सुटला. १८५७ मध्ये उत्तरेत भडका उडाल्यावर सरकारला घाट सांभाळायला माणूस हवा झाला, तेव्हा त्याच खाज्याला पुन्हा बोलावून कामावर घेतलं. गरज सरो, वैद्य मरो हे त्याला तोवर नीट कळलेलं असणार.

थोड्याच दिवसांत तो उलटला. भीमा नाईक आणि इतर नाईक येऊन मिळाले, मकराणी (मूळ बलुचिस्तानकडचे) शिपाईही आले. नोव्हेंबर १८५७ मध्ये इंदूरहून मुंबईकडे निघालेला सात लाखांचा खजिना त्यांनी याच वाटेवर अडवून नेला.

आता आजोबांना एवढंच विचारा : नुसता दरोडेखोर सात लाख हाती आल्यावर काय करील? वाटण्या करून पांगेल. खाज्याची माणसं पांगली नाहीत. ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यात अंबापाणीला ती इंग्रजी फौजेसमोर उभी राहिली. तिथे त्याचा मुलगा पोलादसिंग पडला. पकडलेल्या कितीतरी जणांना रणातच घाईची लष्करी चौकशी उरकून गोळ्या घातल्या, शेकडो बायका कैद झाल्या. खाज्या निसटला आणि डोंगरात राहिला. १८६० मध्ये विश्वासातल्याच माणसाने दगा करून त्याला मारलं. भीमा नाईकाला पुढे अंदमानला धाडलं.

म्हणून माझ्या मते फलक राहू द्या. त्यावर 'थोर क्रांतिवीर' एवढंच असेल तर मात्र खाली घाटाचा हक्क, तुरुंगवास आणि अंबापाणी लिहून घ्या. फलक उभारणारी मंडळी हाराचा खर्च करतात, मजकुराचा करत नाहीत.

प्रश्न : धरणगावला भिल्ल पलटण उभारणारा औट्रम आणि लखनौचा औट्रम एकच का?
— एक वाचक, धरणगाव

उत्तर : एकच, इंग्रज लष्करी अधिकारी जेम्स औट्रम. १८२५ साली तो इथे आला तेव्हा जेमतेम बाविशीचा होता. पलटणीत यायला भिल्ल कचरत होते, हा फासात अडकवायचा डाव असेल अशी शंका होती. औट्रम त्यांच्यात राहिला, त्यांच्याबरोबर वाघाच्या शिकारीला गेला, तेव्हा कुठे माणसं येऊ लागली. १८३५ मध्ये तो खानदेशातून गेला. सप्टेंबर १८५७ मध्ये तो लखनौच्या रेसिडेन्सीत, म्हणजे वेढ्यात अडकलेल्या इंग्रजांच्या ठाण्यात, फौजेसह शिरला. त्याच सुमारास इकडे खाज्या उलटला आणि औट्रमने उभारलेली भिल्ल पलटण सरकारच्या बाजूने राहिली. भिल्ल दोन्हीकडे होते, हे शिरपूरच्या आजोबांनाही कळवा.